आईच्या लिलावातली दोन पदकं

“मधे पूस खुशाल, पण कडेला अंगठा घासू नको, दैवशाला. कडेची अक्षरं राहू दे जशीच्या तशी.”

गोजरबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ताम्हणात देव घेतले की सासूबाईंचा, तिच्या आत्याबाईंचा, तो आवाज दैवशालाच्या कानाशी यायचाच. त्यात राग नसायचा, लाडही नसायचा. दूध उतू जाऊ देऊ नको म्हणावं, तसा साधा आवाज. आधी अन्नपूर्णा, मग बाळकृष्ण, मग आईचा आणि खंडोबाचा टाक, आणि सगळ्यांत शेवटी ती दोन पदकं. एक चांदीचं, एक तांब्याचं. निजामाच्या गादीला पंचवीस वर्षं झाली, त्या सोहळ्यातली. मधे नक्षी आणि कडेनं कोरलेली उर्दू अक्षरं. ती वाचणारं घरात आता कुणी उरलं नव्हतं. कड धारदार आहे, बोट कापेल, म्हणून सासूबाई जपायला सांगत असतील, असंच दैवशाला इतकी वर्षं धरून चालली होती.

आज शुक्रवार, तिच्या मौनाचा दिवस. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे व्रत तिनं लग्नानंतर लवकरच धरलं होतं आणि कधी मोडलं नव्हतं. घरात पाहुणे असोत, ताप असो, शेजारी भांडण पेटलेलं असो. नवऱ्याला, राधेश्यामला, त्याची सवय होती. पण आज पहाटे तोच तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाला होता, “आज दादा येऊन राह्यलाय घरी. पदकं जाऊ दे न जाऊ दे, गेट होऊ दे न होऊ दे. मला एवढंच पाहिजे, समजलं का?” छप्पन वर्षांचा माणूस, पण चेहरा जत्रेला निघालेल्या पोरासारखा. दैवशालानं मान हलवली होती.

विहिरीजवळच्या बांधावरून दोघा भावांचं फाटलं, त्याला अकरा वर्षं झाली. वसंता जालन्याला, राधेश्याम गावात. एकमेकांच्या दारची पायरी नाही, लग्नकार्यात समोरासमोर बसणं नाही. देव तेवढे वाटले गेले नव्हते. ते पाळीनं एक वर्ष जालन्याला आणि एक वर्ष इथं राहायचे. आणि आता ही पदकं विकायची, आलेल्या पैशातून गावाच्या वेशीवर आजोबांच्या नावाचं गेट बांधायचं, त्यावर दोघा भावांची नावं घालायची, यावर दोघांचं एकमत झालं होतं. अकरा वर्षांतलं पहिलं. मुंबईच्या लिलाव कंपनीचा माणूस आज दुपारी येऊन पदकं घेऊन जाणार होता. त्याआधी तिन्ही वारसांनी कागदावर सही करायची होती.

बाहेरच्या खोलीत नणंदेचा, बेबीनंदाचा, आवाज आला.

“दादा, उंबरा तोच हाय बरं, डोकं सांभाळ. अकरा वर्षांत तू उंच झाला का दार ठेंगणं झालं, देव जाणे.”

“बेबे, बसू तर दे,” वसंता म्हणाला. आवाज भारी, पण जरा घोगरा.

“वन्सं, आल्या आल्या सुरू का?” ही वंदना, वसंताची बायको.

“मंग काय करू? अकरा वर्षं देवांची ने-आण मी केली. सासरहून, तीर्थपुरीहून यायचं, मांडीवर गाठोडं घ्यायचं, जालन्याहून इथं, इथून जालन्याला. देवांना एसटीत हाफ तिकीट पडत न्हाई म्हणून बरं, न्हाई तर माझा मालक मला सोडून गेला असता.”

वसंता हसला. राधेश्यामही हसला. दोघं एकदम हसले, आणि आत दैवशालानं ताम्हणातलं पाणी हलायचं थांबेपर्यंत हात तसाच ठेवला. देवघराचं दार बाहेरच्या खोलीत उघडत होतं. तिला सगळं दिसत होतं. मोठे दीर भिंतीला टेकून बसलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांच्या शेजारी राधेश्याम, थोडं अंतर राखून, पण त्याच सतरंजीवर. नणंद भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढ्यात घेऊन. आणि वंदनाचा मुलगा बबलू, गुडघ्यावर मोबाईल, समोर कागदांची फाइल.

हे सगळं बबलूनंच जुळवून आणलं होतं.

“ऐका, मी एकदाच सांगतो,” तो म्हणाला. “कंपनीचा नियम असा हाय की वस्तू कुठून आली, कुणाकुणाच्या हातात होती, ते दाखवावं लागतं. नुसतं आमची हाय म्हणून चालत न्हाई. आधी त्यांनी त्यांचे जुने कॅटलॉग काढले. हैदराबादला, मुंबईला, कुठंकुठं असली पदकं लिलावात आल्ती, सगळं तपासलं. आपली दोन्ही कुठंच न्हाईत. म्हणजे चोरीची न्हाईत, विकलेली न्हाईत.”

“न्हाईतच!” वसंता म्हणाला. “आजोबाला सरकारनं हातात दिलेली.”

“तेच. पण त्याचा पुरावा मागून राह्यले. मंग मला आठवलं, पप्पांचे बाबा एकदा आईच्या लिलावाचं काही बोलून गेल्ते. म्हणून मी आपल्या देवळात गेलो.”

गावच्या आईच्या देवळात नवरात्र उठलं की वर्षभरात वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा. साड्या, चांदीचे डोळे, पाळणे, घंटा. देवळासमोरच्या फरशीवर सगळं मांडायचं, पुजारी एकेक जिन्नस उचलून नाव पुकारायचा. लिलावातून घरी आलेली वस्तू कुणी फिरून विकत नसे. साडी असली तर नव्या नवरीला नेसवायची, भांडं असलं तर ते देवघरात राहायचं. ती कुणी वाहिली होती, हे विचारायची रीत नव्हती. आईच्या पायावरून आली, एवढं पुरे असायचं.

“देवळात साठ-सत्तर वर्षांच्या लिलावाच्या वह्या पडल्यात,” बबलू सांगत होता. “ट्रस्टवाल्यांनी काढून दिल्या, फोटो काढू दिले. अन् हे बघा! सन एकावन्न. ‘बिल्ले दोन. एक चांदी, एक तांबे. घेणार, किसनराव सपकाळ.’ खाली आजोबाची सही. म्हणजे पंजोबाची, माझ्या. सत्तर वर्षं आपल्या घरात हाय याचा पक्का पुरावा! बराबर का न्हाई?”

“बराबर!” वसंतानं मांडीवर थाप मारली. “बिलकुल बराबर. शाब्बास रे.” त्यानं मोबाईल हातात घेऊन ती सही लांबून, जवळून पाहिली. मग राधेश्यामकडे सरकवला. “बघ राधू. किसनराव. काय वळण हाय अक्षराला!”

राधू. दैवशालानं पाहिलं, त्या एका शब्दानं नवऱ्याची मान खाली गेली आणि डोळे भरून आले. तो उगीच मोबाईलच्या काचेवरची धूळ पुसत राहिला.

बबलूनं फाइलमधून कागद काढून वाचला. सदर पदके आमचे आजोबा कै. किसनराव सपकाळ यांना तत्कालीन सरकारकडून त्यांच्या सेवेबद्दल मिळाली असून, तेव्हापासून ती आमच्या कुटुंबाबाहेर गेलेली नाहीत. खाली तीन रेघा, तीन सह्यांसाठी.

बेबीनंदानं एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

“ए बबलू, मला एक सांग. सरकारनं आजोबाला पदक दिलं ना?”

“हो, आत्या.”

“मंग आजोबानं आपलंच पदक लिलावात काहून घेतलं?”

परसात कुणाची तरी म्हैस हंबरली. देवघरात दैवशालाच्या हातातलं चांदीचं पदक ताम्हणाच्या काठाला लागून खण्णकन वाजलं.

“वाहिलं असंल त्यांनी आईला,” वंदना पटकन म्हणाली. “मंग घेतलं असंल माघारी.”

“वाहिलेलं माघारी घेतात? तुमच्या माहेरी घेत असतील बाई.”

“माझं माहेर मधे आणू नका वन्सं. एकावन्न सालचं तुम्हाला तरी काय ठाव?”

“दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून घेतलं असंल,” राधेश्याम म्हणाला. तो भावाकडे पाहत होता, हे जुळतंय का म्हणून.

“मंग वाहिलंच कशाला?” बेबीनंदा म्हणाली. “मी काही भांडत न्हाई. इचारून राह्यले. वहीत वाहणाराचं नाव असतंय की डाव्या अंगाला. थोरल्याच्या टायमाला मी पाळणा वाहिला, तव्हा माझं लिहून घेतल्तं. काय लिहिलंय तिथं?”

“ती बाजू फोटोत आली न्हाई,” बबलू म्हणाला, आणि त्यानं राधेश्यामच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

तो जरा जास्तच घाईनं काढला. दैवशालाला ते दिसलं. बाहेर बसलेल्यांपैकी कुणी पाहिलं असेल असं तिला वाटलं नाही. सगळे एकमेकांची तोंडं पाहत होते. तिनं पदक पाटावर ठेवलं, हात पदराला पुसले, डोक्यावरून पदर ओढला आणि ती बाहेर आली.

“घ्या, आल्या,” वंदना म्हणाली. “दैवशाला, तू तरी सांग यांना, सह्या करा अन् मोकळे व्हा. का आज शुक्रवार? बाईसाहेबांच्या तोंडाला कुलूप!”

दैवशालानं बबलूपुढे तळहात पसरला.

“काय काकू?”

हात तसाच.

“काकू, तुम्हाला काय करायचंय मोबाईल? पूजा करा तुम्ही.”

“दे तिला,” राधेश्याम म्हणाला.

बबलूनं आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. मग दिला. दैवशालानं बोटानं फोटो मागं सारला. त्याच्या आधीचा फोटो आला. तीच वही, तेच पान, पण पूर्ण. डाव्या अंगाला बारीक अक्षरांच्या चार-पाच ओळी. तिनं त्या वाचल्या, एकदा, मग परत. बोलायचं नव्हतंच. तिनं मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या ओळींखाली बोट धरलं.

राधेश्याम वाचायला लागला. शाळेत प्रार्थना म्हणावी तशा सरळ आवाजात त्यानं सुरुवात केली.

“वाहणार, सलमाबी, राहणार भोकरदन. घरधनी गडबडीत घराबाहेर गेला तो परतला नाही. तो सुखरूप आल्यास बिल्ले सोडवून नेणार, असे आईसमोर बोलली. तीन नवरात्रे वाट पाहिली…” त्याचा आवाज बारीक होत गेला. “लिलावात काढले. अट, सलमाबी किंवा तिचे कुणी मागायला आल्यास घेणाराने विनातक्रार द्यावे. आईसमोर कबूल. किसनराव सपकाळ.”

गडबड म्हणजे कुठली, हे कुणी विचारलं नाही. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षाला म्हातारी माणसं गडबडच म्हणायची, आणि एवढं म्हणून पुढं बोलायची नाहीत.

“म्हणजे…” राधेश्यामनं मान वर केली. “आजोबाचं न्हाईच?”

वसंतानं मोबाईल हिसकावला. ओळी वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग तो मुलाकडे वळला.

“हे तुला ठाव होतं?”

“पप्पा, मी लपवलं न्हाई. फोटो कापला फक्त. कंपनीला एवढं सगळं कशाला? सत्तर वर्षांपूर्वीचं कुणाचं काय.”

“बरोबरच हाय त्याचं,” वंदना म्हणाली. “पोरगं महिनाभर हिंडून राह्यलं तुमच्या गेटसाठी. त्यालाच फैलावर घ्या.”

“मी फैलावर घेत न्हाई!” वसंता ओरडला, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, “ठीक हाय. अट काय? मागायला आल्यास. कोण आलं सत्तर वर्षांत? कुणी न्हाई. मंग संपली अट. ज्यानं सांभाळलं त्याचं. आण तो कागद.”

“आल्ती,” बेबीनंदा म्हणाली.

शेंगांचं सूप तिनं बाजूला ठेवलं होतं. तिच्या आवाजातली मस्करी गेली होती.

“कोण?”

“एक म्हातारी यायची. दादा, तुला न्हाई आठवत? चैत्रात यायची, वर्षातून एक खेप. काळा बुरखा, पायात रबरी चपला. आई तिला ओट्यावर बसवायची अन् आपण खेळत असलो तर हाकलून द्यायची. मी इचारलं तर म्हणायची, ओळखीची हाय. मी म्हटलं असंल कुणी बांगड्यावाली.”

दैवशालाला ती ओट्यावरची काळी आकृती दिसली. लग्नानंतरचा पहिला चैत्र, अंगणात सांडलेला निंबाचा फुलोरा, आणि सासूबाईंच्या हातातलं ताम्हण. ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शब्द अगदी दातांपर्यंत आले. तिनं ओठ मिटले आणि ती देवघरात परत गेली.

एवढ्या वर्षांत नैवेद्याची घाई करावी असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. बाहेर वसंता म्हणत होता, “म्हातारी येत असंल, मागितलं तर न्हाई ना? मंग?” बबलूचा फोन वाजला. “त्यांनी सिल्लोड सोडलं. तासाभरात येतील.” वंदना म्हणाली, “भाऊजी, तुम्ही करा आधी सही, मंग वन्सं करतील.” कागद सरकल्याचा आवाज आला. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.

दैवशालानं देव पुसले. एकेकाला गंध लावलं. फुलं वाहिली. घाई होती, तरी एकही फूल तिनं नुसतं टाकलं नाही. वरण, भात, गवारीची भाजी, गुळाचा खडा. ताटाभोवती पाण्याची रेघ फिरवली, डोळे मिटले. आई, मला सांभाळ, एवढंच मनात म्हणाली. नवऱ्याचा हात सांभाळ म्हणायचं होतं, पण तेवढं मागणं तिला जास्त वाटलं. घंटा वाजवली. मग उठली.

राधेश्यामनं पेन कागदाला टेकवलं होतं. सही झाली नव्हती. त्याच्या नजरेत काय होतं ते तिनं ओळखलं. त्याला कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि कुणी थांबवू नये असंही वाटत होतं.

“थांबा जरा,” ती म्हणाली.

दिवसातला तिचा तो पहिला शब्द. फारच हळू आला.

“झालं!” वंदना म्हणाली. “कुलूप उघडलं.”

“मी पाहिलंय त्यांना,” दैवशाला म्हणाली. “सलमाबींना. माझं लग्न होऊन आल्याचं पहिलंच वर्ष. आत्याबाईंनी ही दोन्ही पदकं ताम्हणात घालून ओट्यावर नेली. त्या म्हाताऱ्या झाल्त्या, हात कापायचे. त्यांनी पदक उचललं, अंगठा कडेवरून फिरवत फिरवत ती अक्षरं वाचली. ओठ हलत होते. मंग ताम्हणात ठेवून दिलं.”

“अन् मागितलं का?” वसंतानं विचारलं.

“आत्याबाईच म्हणाल्या त्यांना, आता न्या घरी, किती वर्षं झाली. तर त्या म्हणाल्या,” दैवशाला थांबली, ते शब्द तिला त्यांच्यासारखेच म्हणायचे होते, “‘कैसे लेऊं बाई? वो आए कां अभी?’”

बेबीनंदानं तोंडाला पदर लावला.

“नवरा आला तर सोडवीन, असं बोलल्या होत्या आईला,” दैवशाला म्हणाली. “तो आला न्हाई. नवस फिटला न्हाई. मंग सोडवायचं कसं? म्हणून बघून जायच्या. त्या गेल्या त्याच दिवशी आत्याबाईंनी मला सांगितलं, कडेला घासू नको. मला वाटायचं कड धारदार हाय म्हणून. आता कळून राह्यलं. त्यांना वाचता आलं पाहिजे ना, पुढच्या वर्षी.”

दैवशालाला इतकं सलग बोलायची सवय नव्हती.

“बरं,” वसंता म्हणाला. “बरं, तिनंच न्हाई म्हटलं. मंग आपलं झालं.”

“दादा, तसं न्हाई ते,” बेबीनंदा म्हणाली.

“कसं न्हाई? मला शिकवू नका!” त्याचा चेहरा लाल झाला होता. “जालन्यात मला सपकाळ म्हणून कोण ओळखतं? पदकवाले म्हणतात मला, पदकवाले. बॅनरवर लिहिलंय. शाळेच्या स्मरणिकेत छापलंय. वेशीवर गेटचा पाया खांदून ठेवलाय, सगळ्या गावानं पाह्यलंय. अन् अकरा वर्षांनी मी ह्या घरात पाय ठेवला, तो हे ऐकायला? त्या गेटसाठी आलो मी!”

“गेटसाठी?” राधेश्याम म्हणाला.

त्यानं पेन खाली ठेवलं. टोपण शोधलं, लावलं.

“मला वाटलं, माझ्यासाठी आलास.”

वंदनानं नवऱ्याकडे पाहिलं. काहीतरी बोल, असं तिला म्हणायचं असावं. बबलू दाराच्या चौकटीवर अंगठ्याचं नख घासत होता. हेच होणार होतं. एवढंच पाहिजे म्हणाला होता तो पहाटे, आणि तेवढंच तिच्या हातून गेलं होतं.

वसंता भिंतीकडे पाहत बोलला, कुणालाच न सांगितल्यासारखा.

“बाबा उठून जायचे.”

“काय?” बेबीनंदानं विचारलं.

“कुणी पदकवाले म्हटलं की. आठव तू. ग्रामपंचायतीत असो, लग्नात असो. मास्तरांनी ती स्मरणिका आणून दिल्ती तव्हा बी. चपला घातल्या अन् वावरात. मी म्हणायचो, माझा बाप किती साधा माणूस हाय, स्वतःच्या बापाचं कौतुक ऐकायला लाजतो.” तो हसल्यासारखा झाला. “लाजायचेच. पण कशानं, ते आज कळलं.”

“त्यांनी सांगायला पाहिजे होतं,” राधेश्याम म्हणाला.

“सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं?”

बबलूचा फोन परत वाजला. बबलूनं उचलायच्या आत वसंतानं हात पुढं केला. “आण इकडं. … हां, बोला साहेब. न्हाई, आज येऊ नका. … न्हाई न्हाई, वस्तू हाय, जागेवर हाय. मालक बाहेर हाय. … कव्हा येणार ते आम्हाला ठाव न्हाई. हो. माफ करा, तुमचा खर्चा झाला.” त्यानं फोन बंद करून मुलाला दिला.

“पप्पा, महिना घालवला मी ह्यात!”

“घालवलास. अन् ते पान तूच शोधून काढलंस. पूर्ण दाखवलं असतंस तर शाबासकी बी पूर्ण मिळाली असती.”

बबलू उठला. चपलेत पाय घालून तो बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आणि गल्लीच्या तोंडाशी वळल्याचा आवाज आला. वंदना त्याच्यामागं जायला उठली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली.

“पण एक सांगतो,” वसंता म्हणाला. आवाजात जुनी धार परत आली होती. “मी विकत न्हाई, पण उचलून बी देत न्हाई. आजोबानं आईसमोर जे कबूल केलंय तेवढंच. मागायला आल्यास. कुणी मागितलं का? न्हाई.”

“ते मागतील कसे, दादा?” दैवशाला म्हणाली. “सलमाबी गेल्या. मागच्यांना ठावच न्हाई.”

“नातू हाय त्यांचा,” राधेश्याम म्हणाला. “लतीफ. भोकरदनला स्टँडच्या मागं गाद्या भरतो. आपल्या दोन गाद्या त्यानंच भरून दिल्यात. म्हातारी त्याच्याच दुकानात बसायची शेवटी शेवटी. नाव सलमाबीच, पण आपल्या ओट्यावर यायची ती हीच, हे आज कळलं.”

वसंता विचार करत राहिला. दैवशालाला दिसत होतं, हा माणूस एकेक पाऊल मागं सरतो आहे, आणि प्रत्येक पावलाला त्याला दुखतं आहे. त्याला ढकलायचं नाही, असं तिनं ठरवलं.

“मंग सांगून या त्याला,” तो शेवटी म्हणाला. “पण सांगायचं म्हणजे सांगायचंच. अमुक वस्तू आमच्या घरी हाय, वहीत असं असं लिहिलंय. बस. न्या म्हणायचं न्हाई, गळ घालायची न्हाई, रडायचं न्हाई. अन् पदकं ह्या देवघरातून हलायची न्हाईत. त्याला यावं वाटलं तर येईल. न्हाई वाटलं, तर आईची मर्जी. मला तोंडावर पडायचं ते एकदाच पडू दे, सारखं सारखं नको.”

“कोण जाणार?” बेबीनंदा म्हणाली. “मी न्हाई. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, मी त्याला आपल्या बांधाचं भांडणसुद्धा सांगून येईन.”

“मी जाते,” दैवशाला म्हणाली. “तेवढंच सांगीन. वर एक शब्द न्हाई. वचन देते तुम्हाला, दादा.”

वसंतानं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

“तुझं वचन चालंल,” तो म्हणाला. “तुला गप्प राहता येतं.”

जेवणं झाली. पानात कुणी फारसं काही टाकलं नाही, पण उठूनही कुणी गेलं नाही. राधेश्यामनं भावाच्या पानात वरण वाढलं. वसंतानं पुरे म्हटलं नाही, थोडं अजून घाल असंही म्हटलं नाही. दोघांत बोलणं झालं ते एवढंच, की विहिरीला पाणी किती आहे. राधेश्यामनं सांगितलं. वसंतानं ऐकलं. बांध दोघांच्या मधेच होता, पण निदान दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून जेवत होते.

दैवशालाचं शुक्रवारचं एकभुक्त संध्याकाळी. तिनं भांडी आवरली, लुगडं बदललं, पिशवी घेतली.

“गाडीवर सोडतो,” राधेश्याम म्हणाला.

“नको. तुम्ही दादांपाशी बसा.”

ओट्याशी ती चपला घालत होती, तर मागून वंदना आली. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या हातात काही काम होतं. एक कापडी पिशवी, तोंड बांधलेली.

“रिकाम्या हातानं चालली का लोकांच्या घरी?”

“दादांना शब्द दिलाय ताई. इथून काही न्यायचं न्हाई.”

“तुरीची डाळ हाय. घरची. जालन्याहून तुझ्यासाठीच आणल्ती, द्यायची राहिली.” वंदनानं पिशवी तिच्या हातात कोंबली. तिच्याकडे न बघता म्हणाली, “डाळ काही लिलावातली न्हाई. पहिल्यांदा जातेस त्याच्या घरी. त्याच्या बायकोच्या हातात दे, अन् मंग काय ते सांग.”

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वसंता बसला होता. त्यानं ऐकलं, पण मान वळवली नाही.

दैवशाला गल्ली उतरून फाट्यावर आली. एसटी वेळेवर आली नाही. वाट पाहताना तिनं मनात वाक्य जुळवलं. तुमची ठेव आमच्याकडे आहे, असं सुरू केलं. पण ठेव म्हटलं की न्या म्हटल्यासारखंच झालं. ते सोडलं. तुमच्या आजीची आठवण म्हणून, हेही सोडलं. त्यात गळ होती. एकेक शब्द काढत काढत, नुसतं जे आहे तेवढंच उरलं. आमच्या देवघरात दोन पदकं आहेत. आईच्या देवळातल्या वहीत त्यांच्यापुढं सलमाबींचं नाव आहे. तिथं असंही लिहिलंय की मागायला कुणी आलं तर द्यायची. एवढं सांगून झाल्यावर समोरचा माणूस काहीही म्हणो, नाहीतर काहीच न म्हणो, तिनं पुढं बोलायचं नव्हतं.

एसटी आली. आत गर्दी नव्हती. डाळीची पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली.

“कुठं जायचं?” कंडक्टरनं विचारलं.

“भोकरदन,” दैवशाला म्हणाली. “एक.”